जुन्या मोटारींची करमाफी

इंग्लंडांत मोटारगाडीचें वय चाळीस वर्षांचें झालें म्हणजे तिच्यावरील रस्त्याचा कर माफ होतो. नियम असा कीं, जानेवारीच्या पहिल्या तारखेस ज्या गाडीच्या बांधणीला चाळीस वर्षें उलटून गेलीं असतील ती त्याच वर्षाच्या १ एप्रिलपासून ‘ऐतिहासिक वाहन’ या वर्गांत जाते. १९८५ सालच्या १ जानेवारीपूर्वीं बांधलेल्या गाड्या या रीतीनें १ एप्रिल २०२५ रोजीं करमुक्त झाल्या. बांधणीची तारीख ठाऊक नसेल तर १९८५ च्या ८ जानेवारीपूर्वीं झालेली पहिली नोंदणी त्या वेळीं पुरेशी धरली गेली. ही माफी आपोआप मिळत नाहीं. मालकास अर्ज करावा लागतो. ती मिळाल्यावरहि दरसाल परवाना घेण्याचें चुकत नाहीं. मात्र त्याबद्दल द्यावयाची रक्कम शून्य असते. भाड्यानें किंवा धंद्यासाठीं चालणाऱ्या मोठ्या मालमोटारी व बसगाड्या यांस, त्या कितीहि जुन्या असल्या तरी, ही सवलत नाहीं.

कायद्याच्या पुस्तकांतील एवढ्याशा कलमाविषयीं वाङ्मयविषयक मासिकांत लिहिण्याजोगें काय आहे, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. परंतु सरकार कर कां बसवितें हें पुष्कळ वेळां भाषणांतून कळतें, तर त्या कराविषयीं सरकारची खरी समजूत काय आहे हें तें कर कोणास माफ करतें यावरून कळतें. सामान्यतः माफीचीं कारणें तीन असतात: करदात्याचें दारिद्र्य, कार्याचें धर्मादाय स्वरूप, किंवा नव्या उद्योगास उत्तेजन. जुनी मोटार पदरीं बाळगणारा मनुष्य बहुधा दरिद्री नसतो. त्याची हौस हा धर्मादाय नव्हे. आणि जी गाडी कारखान्यानें बनविणें केव्हांच सोडून दिलें तिच्यामुळें नव्या उद्योगास उत्तेजन मिळण्याचाहि संभव नाहीं. मग ही माफी कशाबद्दल? या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर मुळांत हा कर कशाबद्दल होता तें पाहिलें पाहिजे. आणि तें पाहूं गेल्यास एका शतकाचा मोठा मनोरंजक इतिहास हातीं लागतो.

मोटार निघण्यापूर्वीं इंग्लंडांत चाकांच्या गाडीवर दोन प्रकारचा भार असे. एक, घरच्या घोडागाडीवरील कर. हा १७४७ सालापासून चालू होता, व तो केवळ श्रीमंतीचें चिन्ह म्हणून घेतला जाई. त्याचा रस्त्याशीं कांहीं संबंध नव्हता. दुसरा, टर्नपाइक ट्रस्टांच्या नाक्यांवर द्यावी लागणारी वर्दळ-पट्टी. हिचें उत्पन्न मात्र त्या त्या रस्त्याच्या डागडुजीसाठींच असे. पुढें आगगाडी आली, नाक्यांचें उत्पन्न आटलें, आणि १८९५ सालीं शेवटचा टर्नपाइक ट्रस्ट बंद झाला. रस्त्यांचा सारा भार स्थानिक संस्थांवर, म्हणजे घरपट्टी देणारांवर पडला. नेमक्या पुढच्याच वर्षीं, १८९६ सालीं, पार्लमेंटानें मोटारीस रस्ता मोकळा करून दिला. तोंवर १८६५ च्या कायद्याच्या धोरणामुळें यांत्रिक गाडीस माणसाच्या चालीपेक्षां अधिक वेगानें जाण्याची बंदी होती. जुनी रस्ता-पट्टी संपली आणि रस्त्याचा सर्वांत मोठा शत्रु त्याच सुमारास जन्मास आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

शत्रु म्हणण्याचें कारण धूळ. खडी व माती यांनीं बांधलेले जुने रस्ते घोड्याच्या टापा व लोखंडी धावा यांखालीं दबून घट्ट होत. परंतु वेगानें जाणारीं रबरी चाकें त्यांतील बारीक माती शोषून वर उडवीत, व खडी उघडी पाडीत. गांवोगांवच्या लोकांचीं घरें, भाजीपाला, वाळत घातलेले कपडे यांवर मोटारवाल्यांच्या चैनीची राख बसूं लागली. मोटार थोड्यांची, धूळ सर्वांची, ही त्या काळची तक्रार होती व ती खरी होती. रस्त्यांस डांबर लावणें हा त्यावर उपाय. परंतु पैसा कोणीं द्यावा?

१९०९ च्या आपल्या प्रसिद्ध अंदाजपत्रकांत लॉइड जॉर्ज यानें या प्रश्नाचें उत्तर दिलें. गाडीच्या अश्वशक्तीप्रमाणें दोन गिनीपासून चाळीस गिनीपर्यंत वाढत जाणारा वार्षिक कर आणि पेट्रोलवर गॅलनमागें तीन पेन्स अशी दुहेरी आकारणी त्यानें सुचविली; आणि तिच्यासह एक वचनहि दिलें. हें उत्पन्न सामान्य तिजोरींत न मिळवितां स्वतंत्र ठेवावें व रस्तेसुधारणेकडेच लावावें, असें ठरून १९१० सालीं रोड बोर्ड स्थापन झालें. मोटारवाल्यांनीं कुरकुर केली, पण कर मान्य केला. येथें कर हा दंड राहिला नाहीं. तो एक करार झाला. आम्ही तुमचे रस्ते झिजवितों, त्याची भरपाई देतों. तुम्ही त्या पैशांतून रस्ते सुधारा, असा त्याचा अर्थ होता. ‘रस्त्याचा कर’ हें नांव त्यास शोभलें तें या कराराच्या आधारावर.

पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या रस्तेविषयक कायद्यानें या करारास पक्कें स्वरूप आलें. पेट्रोलवरील कर काढून टाकून १ जानेवारी १९२१ पासून प्रत्येक अश्वशक्तीमागें एक पौंड असा सरसकट वार्षिक कर सुरू झाला, व त्याची पावती म्हणून कागदाचा एक वाटोळा बिल्ला गाडीवर लावण्याची सक्ति झाली. हा बिल्ला १ ऑक्टोबर २०१४ पर्यंत, म्हणजे ९३ वर्षांहून अधिक काळ, इंग्लंडांतील प्रत्येक गाडीवर दिसत असे. करांचें उत्पन्न ‘रोड फंड’ नांवाच्या निधींत जमा होऊं लागलें.

आतां अश्वशक्ति मोजावयाची कशी, हें जरा थांबून पाहिलें पाहिजे. कारण आपल्या कथेंतील सर्वांत मौजेचा भाग येथेंच आहे. इंजिनाची खरी शक्ति प्रत्येक गाडीवर यंत्र लावून मोजणें कर वसूल करणारांस शक्य नव्हतें. म्हणून रॉयल ऑटोमोबाइल क्लबचें एक सुटसुटीत सूत्र सरकारनें पत्करलें. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्यास सिलिंडरांच्या संख्येनें गुणावें व अडीचानें भागावें. येईल ती अश्वशक्ति, आणि अपूर्णांक उरल्यास पूर्ण एक धरावा. या सूत्रांत सिलिंडराची रुंदी आहे, पण दट्ट्या वरखालीं किती धांवतो हें कोठेंच नाहीं. अमेरिकन पद्धतीच्या फोर्ड ‘मॉडेल टी’ गाडीचा व्यास पावणेचार इंच व सिलिंडर चार. हिशोब केला तर साडेबावीस येतात. म्हणजे वर्षाचा कर २३ पौंड. उलट हर्बर्ट ऑस्टिन यानें १९२२ सालीं काढलेल्या ‘ऑस्टिन सेव्हन’चा व्यास लौकरच २·२ इंच ठरला, तिची गणती पावणेआठ अश्वशक्तींची, व कर ८ पौंड. फोर्डची गाडी स्वस्त, मजबूत आणि गरिबाची म्हणून जगभर नांवाजलेली. पण इंग्लंडांत ती घेणारास दरसाल ऑस्टिनवाल्यापेक्षां पंधरा पौंड अधिक मोजावे लागत. जी फोर्ड युद्धापूर्वीं इंग्लंडांत सर्वांत अधिक खपत होती, तिला मागें टाकून मॉरिसची गाडी पुढें गेली, याचें हें एकच कारण नसलें तरी एक मोठें कारण खास होतें.

इंग्रज कारागिरांनीं सूत्रांतील फट बरोबर ओळखली. सिलिंडर अरुंद करावयाचे आणि दट्ट्याची धांव लांब ठेवावयाची, म्हणजे कागदावर अश्वशक्ति थोडी दिसते व प्रत्यक्षांत गाडी जोरांत पळते. अल्व्हिस कंपनीच्या एका नामांकित गाडीचें नांवच ‘१२/५०’ असें होतें: पहिला आंकडा करापुरता, दुसरा खऱ्या शक्तीचा. मॉरिस एट, ऑस्टिन टेन, स्टँडर्ड नाइन हीं नांवें म्हणजे करवसुलीच्या यादींतील पायऱ्याच होत. कराच्या पायरीचेंच नांव मूल म्हणून घरांत आणावें, असा हा प्रकार. या उंच, अरुंद, कमी वेगांतहि नेटानें ओढणाऱ्या इंजिनांना पुढें ‘इंग्रजी स्वभावाचीं’ म्हणून जें कौतुक लाभलें, त्याचा मोठा भाग तिजोरीच्या एका सूत्राचें कर्तृत्व होय.

इकडे कराराची काय अवस्था झाली? मोटारी इतक्या वाढल्या कीं रोड फंडांत शिल्लक पडूं लागली, आणि शिलकीवर अर्थमंत्र्याची दृष्टि न जाणें ही गोष्ट कोणत्याहि देशांत दुर्मिळच. १९२६ सालीं विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असतांना त्यानें या निधींतून ७० लक्ष पौंड उचलले, आणि पुढच्या वर्षीं आणखी १ कोटि २० लक्ष. मोटारवाल्यांनीं विश्वासघात म्हणून ओरड केली. चर्चिलच्या बाजूनेंहि म्हणण्यासारखें होतें. दारूवरील कराचें उत्पन्न दारू पिणारांच्याच सोयींवर खर्चावें असें कोणी म्हणत नाहीं. मग मोटारीच्या करानेंच कां सोंवळें पाळावें? परंतु दारूबाजास कोणी तसें वचन दिलेलें नव्हतें. मोटारवाल्यास दिलेलें होतें. पेट्रोलवरील करहि १९२८ सालीं परत आला. १९३६ च्या कायद्यानें पुढील वर्षापासून मोटारकराचें सर्व उत्पन्न सरळ तिजोरींत जाऊं लागलें, आणि नांवापुरता उरलेला रोड फंड १९५५ च्या कायद्यानें संपला. तथापि ‘रस्त्याचा कर’ हें नांव लोकांच्या तोंडीं राहिलेंच. अद्यापहि इंग्लंडांत एखादा मोटारवाला सायकलवाल्यास, ‘तूं रस्त्याचा कर देत नाहींस,’ असें सुनावतो, तेव्हां तो कित्येक दशकांपूर्वीं मोडलेल्या कराराच्या जोरावर बोलत असतो.

येथें आपल्याकडील एका गोष्टीची आठवण होते. चर्चिल लंडनमध्यें रस्तेनिधीस हात घालीत होता त्याच १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें रस्ते-विकासाचा विचार करण्यासाठीं बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. रस्त्यांचा विकास हा प्रांत व स्थानिक संस्था यांच्या शक्तीबाहेरचा विषय आहे, तो राष्ट्रीय कार्य म्हणून हातीं घेतला पाहिजे, आणि पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसवून त्याचें उत्पन्न रस्त्यांकडेच लावावें, असा समितीच्या १९२८ सालच्या अहवालाचा निष्कर्ष होता. त्यानुसार १९२९ सालीं मध्यवर्ती रस्तेनिधि अस्तित्वांत आला. इंग्लंडांत जो करार मोडूं लागला होता तोच येथें एका मराठी कायदेपंडिताच्या लेखणीनें नव्यानें मांडला जात होता. पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु म्हणून जयकरांचें नांव महाराष्ट्रांत सर्वश्रुत झालें; पण पेट्रोल भरणारा प्रत्येक माणूस त्यांच्या या कामाचा वांटेकरी आहे हें फारसें कोणाच्या ध्यानीं नसतें.

असो. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत माल विकल्यावांचून इंग्लंडचा निभाव लागेना, आणि कराच्या सूत्रावर पोसलेलीं अरुंद इंजिनें परदेशच्या लांब रस्त्यांवर चालेनात. तेव्हां सूत्र रद्द झालें. १९४८ च्या प्रारंभापासून नव्या मोटारींवर लहानमोठी न पाहतां वर्षास दहा पौंड असा एकच दर आला. हा दर वाढत वाढत १९८५ सालीं शंभर पौंडांवर गेला. आतां हा कर ना श्रीमंतीवरचा राहिला, कारण मोटार सर्वांची झाली. ना झिजेची भरपाई राहिला, कारण उत्पन्न रस्त्यांकडे जात नव्हतें. तो केवळ मोटार रस्त्यावर ठेवण्याबद्दलचा कर उरला. आणि वर्षभरांत वीस हजार मैल धांवणाऱ्या गाडीस व उन्हाळ्यांतील चार रविवारीं बाहेर पडणाऱ्या गाडीस तो सारखाच पडे.

या चार रविवारांच्या गाड्याहि एव्हांना पुष्कळ झाल्या होत्या. १८९६ च्या १४ नोव्हेंबर रोजीं नव्या कायद्याच्या आनंदाप्रीत्यर्थ लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची जी यात्रा निघाली होती, तिची पुनरावृत्ति १९२७ सालीं झाली. १९३० सालीं जुन्या मोटारींच्या हौशी मालकांचा ‘व्हेटरन कार क्लब’ निघाला. ज्या वस्तूस जन्मून पन्नास वर्षेंहि झालीं नव्हतीं तिचे पुराणवस्तुसंशोधक निर्माण व्हावे, हें यंत्रयुगाच्या वेगाचें लक्षण होय. देऊळ प्राचीन ठरावयास हजार वर्षें लागतात, वाड्यास दोनशें. मोटारीस एक पिढी पुरते.

सरकारनें या वर्गाकडे पाहिलें तें १९९५ सालच्या नोव्हेंबरांत. केनेथ क्लार्क या अर्थमंत्र्यानें पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्यांस करमाफी जाहीर केली. ही माफी सरकती होती. म्हणजे दरसाल नव्या गाड्या पंचविशींत येत व सुटत. परंतु तीनच वर्षांनीं, १९९८ च्या वित्तविषयक कायद्यानें, घड्याळ थांबविण्यांत आलें. १ जानेवारी १९७३ पूर्वीं बांधलेल्या गाड्या माफ, त्यापुढच्या नाहींत. डिसेंबर १९७२ च्या शेवटच्या आठवड्यांत कारखान्याबाहेर पडलेली गाडी इतिहासांत गेली, आणि तिच्यामागून आठवड्याभरानें त्याच दारांतून आलेली तिची सख्खी बहीण सोळा वर्षें इतिहासाच्या उंबरठ्याबाहेर कर भरीत उभी राहिली. १९७३ सालीं मोटारविद्येंत असें कोणतें स्थित्यंतर झालें होतें? कोणतेंहि नाहीं. ती रेषा इतिहासकारानें नव्हे, जमाखर्च लिहिणारानें ओढली होती. जॉर्ज ऑस्बोर्न यानें २०१३ सालीं ती एका वर्षानें पुढें ढकलली व २०१४ सालीं पुन्हा सरकती केली. मात्र पंचवीस वर्षांच्या जागीं चाळीस आलीं.

या माफीविरुद्धचे आक्षेप हलके नाहींत. २००१ च्या मार्चपासून इंग्लंडांत नव्या मोटारींचा कर त्यांच्या धुरांतील कार्बन वायूच्या प्रमाणावर बसूं लागला. तेव्हां सर्वांत जास्त धूर ओकणाऱ्या गाडीनें कांहींच न द्यावें हें विचित्र दिसतें. उलट एप्रिल २०२५ पासून विजेवर चालणाऱ्या, मुळींच धूर न सोडणाऱ्या गाड्यांवरहि कर बसला. लंडन शहरांत २०१९ पासून धुरकट गाड्यांवर जी दैनिक आकारणी होते, तींतूनहि हीं ऐतिहासिक वाहनें सुटलेलीं आहेत. २०१८ च्या मे महिन्यापासून, मोठे फेरफार न केलेल्या अशा खाजगी मोटारींस वार्षिक तपासणीचीहि सक्ति उरली नाहीं. शिवाय माफी लहानमोठें पाहत नाहीं. लक्षावधि पौंडांची जुनी बेंटली बाळगणारा सुटतो, आणि दहा वर्षांची साधी गाडी हांकून कामावर जाणारी परिचारिका कर भरते. हा न्याय कसला?

या आक्षेपास माझें उत्तर असें आहे. बेंटली माफी नसतीं तरी राहिलीच असती. श्रीमंताच्या संग्रहास शंभर-दोनशें पौंडांच्या कराची काय मातब्बरी? संकट असतें तें कोणा एकाच्या बापाच्या मॉरिसवर, मास्तरांच्या ऑस्टिनवर, ज्यांची बाजारांत किंमत थोडी आणि स्मृतींत मोठी अशा गाड्यांवर. छपराखालीं उभ्या गाडीस कर नव्हताच. कर होता तो रस्त्यावर आणण्यास. वर्षांतून चार वेळां बाहेर काढण्यासाठीं वर्षाचा पुरा कर भरावयाचा, यापेक्षां ती मोडीत काढावी, असा हिशोब सामान्य मालकानें केला असता तर त्यास दोष देतां आला नसता. यंत्र हें पोथीसारखें कपाटांत जतन होत नाहीं. न चालणाऱ्या इंजिनास गंज खातो, रबर तडकतें, आणि त्याहून वाईट म्हणजे तें दुरुस्त करणारे हात विसरतात. चालतें यंत्र हाच यंत्राचा खरा इतिहास. म्हणून ही माफी गाडीला नसून तिच्या चालण्याला आहे, आणि त्या दृष्टीनें ती उचित आहे. विशेषतः ज्या ऑस्टिनचा अरुंद सिलिंडर सरकारच्याच सूत्रानें घडविला, तिनें तें सूत्र गेल्यावरहि सरकारास कर देत राहावें हें शोभलें नसतें. स्वतःच्या हातचें काम पाहून तिजोरीनें एकदां तरी हात आवरावा, एवढेंच येथें घडलें आहे.

आपल्याकडे याच प्रश्नास वेगळें उत्तर मिळालें. २०२१ सालच्या जुलैंत भारत सरकारनें जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली दुचाकी वा चारचाकी या वर्गांत येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, फेरनोंदणीस पांच हजार. क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें. नोंदणीची मुदत दहा वर्षें. मात्र अशी गाडी प्रदर्शन, जुन्या मोटारींची मिरवणूक, संशोधन, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणावयाची. रोजच्या कामास नाहीं. वाहनांवरील कराचा विषय राज्यांकडे असल्यामुळें त्या करास हे नियम हात घालीत नाहींत. आणि महाराष्ट्रांत तर २०१० सालीं पंधरा वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांवर पर्यावरण-कर बसविण्यांत आला. इंग्लंडांत वय वाढलें म्हणजे कर जातो, आपल्याकडे वय वाढलें म्हणजे कर येतो. मुंबईच्या दाट वस्तींत धुराची चिंता खोटी नाहीं. पण पंधराव्या वर्षीं जिच्यावर जादा भार पडतो त्या सामान्य माणसाच्या गाडीनें पन्नाशी गांठावी कशी? अशा नियमांखालीं संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस टिकतील. ज्या फियाटींतून एका पिढीनें पहिल्यानें महाबळेश्वर पाहिलें ती टिकणें कठीण.

कोणती वस्तु जुनी म्हणून टाकावी आणि कोणती जुनी म्हणून राखावी, हें काळ ठरवितो असें आपण म्हणतों. इंग्लंडच्या या करमाफीचा इतिहास पाहतां, तें पुष्कळ अंशीं अर्थमंत्री ठरवितो असें दिसून येतें. पंचवीस, १९७३, चाळीस, पन्नास या आंकड्यांत पावित्र्य कांहीं नाहीं. आज दिलेली सवलत उद्यां थांबूं शकते, हें रोड फंडाचें वचन आणि १९९८ चें थांबलेलें घड्याळ या दोहोंनीं दाखवून दिलें आहे. म्हणून ज्यांस अशा वस्तूंची आस्था आहे त्यांनीं सरकारच्या रेषेची वाट न पाहतां त्या चालत्या ठेवाव्या, हें बरें. गाडी चालती असली तर कधींतरी माफी मिळेलहि. भंगारांत गेलेल्या गाडीस मात्र माफी मागण्यास कोणी उरत नाहीं.